कळसाडीच्या वासरांची कातडी

१

पट्टी सुटली आणि गोठ्यातलं बोलणं एकदम थांबलं.

डॉ. भिकन पाटील पांढऱ्या कालवडीच्या बाजूला गुडघ्यांवर बसले होते. इंग्लंडात इतकी वर्षं काढूनही ते गोठ्यात अनवाणीच यायचे. त्यांनी सोडलेल्या पट्टीची गुंडाळी हातातून घरंगळून शेणात गेली, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

"दुसरी सोडा," ते हळूच म्हणाले.

मेहबूबने तांबड्या कालवडीची पट्टी सोडली. तो शहाद्याच्या ढोरांच्या दवाखान्यातला ड्रेसर. डॉक्टर मुंबईला गेले तेव्हापासून या दोन वासरांची मलमपट्टी त्याच्याकडे होती. तिथेही तेच दिसलं. रुपयाएवढे दोन गोल तुकडे काळे पडून लाकडासारखे कडक झाले होते आणि कडेने सुटत आले होते.

दाराशी उभ्या असलेल्या जालमसिंग गिरासे यांना यातलं काही कळलं नाही. ते निवृत्त फौजदार. पाहुण्यांच्या मोटारी कुठे थांबवायच्या, बघ्यांना कुठवर येऊ द्यायचं, एवढ्यासाठी त्यांना बोलावलं होतं. पण माणसाचा चेहरा पडतो म्हणजे काय होतं, हे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. डॉक्टरांचा चेहरा तसा पडला होता.

मुंबईत जगभरच्या शास्त्रज्ञांची परिषद भरली होती. शरीर रोगाशी कसं लढतं, आणि लढताना स्वतःला आवर कसा घालतं, हा तिचा विषय. ती संपवून त्यातली काही मंडळी आज दुपारी नंदुरबार स्टेशनवर उतरून मोटारींनी कळसाडीला यायची होती. केळीच्या बागेशेजारी मांडव घातला होता. या दोन जुळ्या कालवडी पाहायला ते एवढ्या लांबून येत होते.

"हाऊ दखा!" लोटन पाटील ओरडला. तो डॉक्टरांचा थोरला चुलतभाऊ. मेहबूबची औषधाची पेटी त्याने केव्हाच उपसली होती. त्याच्या तळहातावर काळे, चकचकीत बिब्बे होते. "बिब्बा! यान्हीच पेटीमा सापडना. बिब्ब्यानं जाळं यानी. आते काय पुरावा पाहिजे?"

"लोटनभाऊ, त्या खुरीसाठे शेत," मेहबूब म्हणाला. "तुम्हनाच बैलले लायेल शे मी."

"मन्हा बैलनं नाव नको लेऊ! बारक्या, सायकल काढ. फौजदारले बलाई आन. यान्ही नोकरी नही खाधी तं नावना लोटन नही."

गोठ्याबाहेर कापूस वेचायला आलेल्या बायाही थांबल्या होत्या. मेहबूबने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. या गावातली निम्मी ढोरं त्याच्या हाताखालून गेली होती. एकेकाने नजर वळवली.

जालमसिंगांनी घसा साफ केला. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांना घसा साफ करावा लागे. फौजदार असतानाही लागायचा. चोराला आधी फौजदारालाच धीर द्यावा लागतो, असं लोक त्यांच्यामागे हसून सांगत.

"लोटनभाऊ, पाहुणे येईपर्यंत मला वेळ द्या," ते म्हणाले. "मला काही सापडलं नाही तर सायकल मीच काढतो."

"तुम्हले कोठे काय सापडस, बापू," लोटन म्हणाला. पण बिब्बे त्याने खाली ठेवले.

त्या ओशाळलेल्या क्षणी जालमसिंगांनी उगाच वर पाहिलं. आढ्याला चामड्याची एक सुरळी बांधलेली होती, तिच्यावर कडुनिंबाचा वाळका पाला. मोटेचं जुनं चामडं असेल, असं म्हणून त्यांनी नजर खाली आणली.

२

"तपास करायचा तर नासलंय काय, ते आधी कळायला हवं," जालमसिंग म्हणाले. "मला समजेल असं सांगा. मी हुशार नाही."

डॉक्टरांनी त्यांना कालवडीजवळ बसवलं. पांढरी धवळी आणि तांबडी राती, दोघी एका वेताच्या. प्रत्येकीच्या पाठीवर तीन गोल.

"हा पहिला तिचाच तुकडा," ते म्हणाले. "काढला, उलटा फिरवला आणि तिथेच लावला. केस बघा, डोक्याच्या दिशेने वाढलेत."

खरंच, त्या गोलातले पांढरे केस बाकीच्या अंगाच्या उलट झुकले होते. कातडी मऊ होती, उबदार होती.

"हा दुसरा, बहिणीचा. आणि हा तिसरा लोटनभाऊंच्या काळ्या कालवडीचा, परका. परका तुकडा आधी छान धरतो, बापू. त्यात रक्त खेळतं, तो गुलाबी होतो. वाटतं, झाला आपला. मग एके दिवशी शरीराला कळतं, हे माझं नाही. तिथून पुढे ते त्याला जगू देत नाही."

"कळतं? कुणाला कळतं?"

डॉक्टर पहिल्यांदाच किंचित हसले. "तेच शोधायला निम्मं जग मुंबईत जमलं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात, इतपत सांगता येतं. डोळा नाही, कान नाही, तरी त्या ओळखतात."

"आणि बहिणीचा तुकडा?"

"गायीची जुळी पोटात असताना त्यांचं रक्त एकमेकांत मिसळतं. जन्माआधीच ओळख होते. म्हणून एकीचं शरीर दुसरीच्या कातडीला हात लावत नाही. मारायची ताकद असते, बापू. पण हात आवरला जातो, आणि तो जन्मभर आवरलेला राहू शकतो. मला लढाईपेक्षा हा आवर मोठा वाटतो. तो सुटला तर शरीर स्वतःलाच खाऊ लागतं."

चार दिवसांपूर्वी ऊस सोलताना जालमसिंगांचा अंगठा कापला होता. ती जखम आता बंद होत आली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना विलक्षण संकोच वाटला. आयुष्यभर ज्या घरात राहिलो त्या घराला इतके पहारेकरी आहेत आणि आपण एकदाही त्यांची विचारपूस केली नाही, असं काहीसं.

"म्हणजे काळा तुकडा मरणार, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"मरायलाच हवा होता. मेलाय."

"आणि बहिणीचा जगायला हवा होता."

"तो जगता तर मी आज मांडवात काही न बोलता नुसतं वासरू उभं केलं असतं. पांढऱ्या अंगावर तांबडे केस." डॉक्टरांनी डोळे मिटले. "कोणीतरी तो मारलाय. पण मेहबूबने? तो मला भाऊ म्हणतो, बापू. त्याच्यावर आळ घ्यायला माझी जीभ रेटत नाही. आणि दुसरं कोण, तेही सुचत नाही."

३

मेहबूब विहिरीजवळच्या दगडी थारोळ्याच्या, पाण्याच्या कुंडाच्या, काठावर बसला होता. जालमसिंगांनी तंबाखूची डबी पुढे केली. त्याने मान हलवली.

"फौजदार येवाना शे का, बापू?"

"अजून नाही."

"सकीनाले कोनी सांगाले नको," तो म्हणाला. सकीना त्याची बायको. "तिले वाटस, मन्हा हातले यश शे. गावना ढोरं मन्हाकडे येतस, ते ह्या हातवर भरोसा म्हनीसन. नोकरी गयी तं गयी, पन आते कोन बांधू देई माले त्याना ढोर?"

"पट्टी कशी करायचास, ते सांग."

"कोमट पानी, औषध, कापूस, पट्टी. तीन गोल, एकच हात, एकच औषध. आपला-परका असं मी काय करू? माले तं तिन्ही सारखाच."

"बिब्बा लागला तर काय होतं?"

मेहबूबने विचित्र नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. उत्तरादाखल जालमसिंगांनीच बाही वर केली. मनगटावर लहानपणचा एक डाग होता. बिब्बा फोडताना तेलाचा थेंब उडाला होता आणि पसरत जाऊन कोपरापर्यंत फोड आले होते. आईने खोबरं चोळत रात्र काढली होती.

"तो एका जागी राहत नाही," ते पुटपुटले.

ते पुन्हा गोठ्यात जाऊन धवळीच्या पाठीशी वाकले. बहिणीचा काळा पडलेला गोल जणू कंपासाने आखला होता. त्याच्या कडेला, बोटभर अंतरावर, तिचा स्वतःचा तुकडा होता, मऊ आणि जिवंत. मधल्या कातडीवर फोड नव्हता, डाग नव्हता, एक केससुद्धा जळला नव्हता. आणि रातीच्या पाठीवरही हुबेहूब तसंच. इतक्या नेमकेपणाने जाळणारा हात कुणाचा असेल?

बाहेर येऊन त्यांनी मेहबूबला विचारलं, "हे गोल काळे कधी पडायला लागले?"

मेहबूब पाण्याकडे बघत बोलला.

"काळा नि बहीणवाला, दोन्ही संगेच. दोन्ही वासरूस्ना. मी डॉक्टरसाहेबस्ले तार करनार व्हतू."

"मग केली का नाहीस?"

"दगूबाईनी हात जोडात," तो म्हणाला. "म्हने, भाऊ परिषदमा शे, त्याले आते काई सांगू नको. मन्ही आन शे तुले."

दगूबाई म्हणजे डॉक्टरांची थोरली, विधवा बहीण. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं होतं.

४

दगूबाईंकडे जाण्याआधी जालमसिंगांना आणखी एका माणसाला भेटायचं होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती. प्रा. ओल्सन डेन्मार्कचे. ते इतरांच्या आधीच येऊन मळ्यात उतरले होते. काल ते एकटेच गोठ्यात शिरल्याचं वेचणाऱ्या बायांनी पाहिलं होतं. आणि मुंबईत भर सभेत ते उठून म्हणाले होते की हा प्रयोग टिकेल असं त्यांना वाटत नाही.

उंच, वाकलेला, उन्हाने लालबुंद झालेला तो म्हातारा केळीच्या सावलीत खाटेवर बसला होता. दुभाष्याचं काम डॉक्टरच करत होते. स्वतःवर शंका घेणाऱ्याचे शब्द स्वतःच पोहोचवायचे, हे त्यांना जड जात असावं. पण त्यांनी एकही शब्द गाळला नाही.

"हो, मी गोठ्यात गेलो होतो," ओल्सन म्हणाले. "पट्टीला हात लावला नाही. फक्त वास घेतला. मेलेल्या कातडीला वास येतो. तो आला आणि मी बाहेर येऊन बसलो."

"तुमचंच म्हणणं खरं ठरलं. मग आनंद झाला असेल," जालमसिंग म्हणाले. असं कोणाला तोंडावर बोलायची त्यांना सवय नव्हती. कान गरम झाले.

म्हाताऱ्याने केळीच्या फाटक्या पानांकडे पाहिलं.

"माझी मुलगी सतारीसारखं एक वाद्य वाजवायची," तो म्हणाला. "आता तिला पेला धरता येत नाही. तिच्या शरीराला तिचेच सांधे परके वाटतात. ते त्यांना मारतं, रोज. मी सभेत शंका घेतली, कारण खोट्या आशेचा मला फार त्रास झालाय. पण इथे मी माझं म्हणणं खोटं ठरावं म्हणून आलो होतो."

शेवटचं वाक्य डॉक्टरांनी भुईकडे बघत सांगितलं.

जालमसिंग उठले. यानेही केलेलं नाही. मग उरलं कोण? हात जोडणारी ती बहीण. गायीच्या पोरींची कातडी कापणं तिला पाप वाटलं असेल का? पण बाईमाणसाने तरी इतकं गोल, इतकं नेमकं कसं जाळावं?

गोठ्यातून धारेचा आवाज येत होता. पाहुण्यांच्या चहासाठी दगूबाई गाय लवकर पिळत होत्या.

५

ते दाराशीच थांबले.

गायीजवळ धवळी सोडलेली होती. ती कासेला ढुसण्या देत होती आणि गाय मान वळवून तिला चाटत होती. जरा वेळाने दगूबाईंनी तिला ओढून खुंट्याला बांधलं आणि राती सोडली. सोडताना त्यांनी कनवटीचं काहीतरी मुठीत घेतलं आणि तिच्या पाठीवरून, जखमा चुकवून, मानेपर्यंत चोळलं. मग गाय तिलाही चाटू लागली आणि दगूबाई पुन्हा धारेला बसल्या.

"काय लावलं, दगूबाई?"

त्या दचकल्या. "मीठ शे, बापू. खारं लागनं का गाय चाटस."

"धवळीला नाही लावलं ते?"

दगूबाईंचा हात कासेवर थांबला. दुधाची धार तुटली.

जालमसिंगांना आपल्या आजोळचा गोठा आठवला. एका गायीचं वासरू मेलं होतं आणि दुसऱ्या एका वासराची आई मेली होती. आजोबांनी पोरक्या वासराच्या पाठीवर मेलेल्याची कातडी बांधली, वर मीठ चोळलं आणि त्याला गायीपुढे उभं केलं. गायीने हुंगलं, चाटलं, पान्हा सोडला. काही दिवसांनी कातडी काढली. मीठ मात्र पुढे कितीतरी दिवस लावत होते.

त्यांनी वर पाहिलं. आढ्याची ती सुरळी. मोटेचं चामडं? या मळ्यात कधीपासून इंजिन होतं. आणि मोटेच्या चामड्याला केस नसतात. कडुनिंबाच्या पाल्याखालून तांबड्या केसांची एक लहानशी पट्टी दिसत होती.

कुणीच काही जाळलं नव्हतं. या गोठ्यात एवढी माणसं ये-जा करत होती आणि खरं काय ते त्या दोन मुक्या वासरांच्या कातड्यांना तेवढं ठाऊक होतं.

"भिकनरावांना बोलावतो," ते म्हणाले. "तुमच्यासमोरच बोललेलं बरं. मी चुकत असेन तर तुम्हीच सांगा."

डॉक्टर आले, मागोमाग लोटन आणि मेहबूब. जालमसिंगांनी पुन्हा घसा साफ केला.

"मी चुकत असेन," ते म्हणाले, "पण बिब्ब्याने शेजारची कातडीही जाळली असती. औषध वाईट असतं तर तिचा स्वतःचा तुकडाही गेला असता. तो दोघींच्याही अंगावर जिवंत आहे. मेले ते फक्त बहिणीचे तुकडे, तेही दोन्ही वासरांवर आणि काळ्या तुकड्याबरोबरच. मला तुमचं शास्त्र येत नाही, भिकनराव. तुम्हीच मघाशी सांगितलंत, परकं ओळखलं की शरीर जगू देत नाही. मग या दोघींच्या शरीरांनी एकमेकींना..."

डॉक्टरांनीच वाक्य पुरं केलं.

"परकं म्हटलंय." ते खुंट्याशी बसले. "त्या जुळ्या नाहीत. दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात हे पाहिलं असतं तर मी पहिल्यांदा हेच म्हटलं असतं. रक्त तपासायला हवं होतं, बापू. मुंबईला न्यायचं ठरवलंही होतं. पण घरच्या गायीचं काय तपासायचं, असं वाटलं."

दगूबाईंनी पदर तोंडावर घेतला नाही. त्या भावाकडे बघत उभ्या राहिल्या.

"राती मरी गयी, भिका. श्रावणमा. पोट फुगनं, सकायले देखं तं ताठ पडेल. तू तव्हय इंग्लंडमा व्हता, तुन्ही तार व्हती, दोन्हीस्ले जीव लाईसन सांभाळ म्हनीसन. मी तुले कोन्ता तोंडे सांगू? नणंदकडे प्रकाशा गावले हाई वासरू व्हतं, बिनमायनं. तिले आनं. रातीनी कातडी तिन्हा आंगवर घाली, मीठ चोयं. गायनी चाटं तिले. आपली म्हनीसन चाटं." त्यांचा आवाज चढला. "एकच गायनं दूध पिदं दोन्हीस्नी. एकच दावनले वाढन्यात. मंग जुळ्याच ना रे? गायले फरक पडना नही, नि तुन्हा शास्तरले कसा पडना?"



"गोल काळा पडनात तव्हय माले समजनं," त्या म्हणाल्या. "मेहबूबले गप बसाडं मीच. आज सकायले लोटनभाऊ त्याले चोर म्हने, नि मन्ही जीभ उचलनी नही. त्यान्ही नोकरी जाई ऱ्हायनी व्हती नि मी धार काढी ऱ्हायनी व्हती."

लांबून मोटारीचा आवाज आला. मग आणखी एकीचा.

"बापू," डॉक्टर कसेबसे म्हणाले, "हे पाचजणांतच राहिलं तर? मी त्यांना सांगेन, प्रयोग फसला. एवढंच."

जालमसिंगांनी मेहबूबकडे पाहिलं. तो भुईकडे बघत होता. काही मागत नव्हता. फसला म्हटल्यावर गाव पुढची गोष्ट स्वतःच रचणार होतं आणि त्या गोष्टीत बिब्बा असणारच होता.

"नही," दगूबाईच म्हणाल्या. "बोल लागना तो चारचौघस्मा. आते चारचौघस्माच सांग."

६

मांडवात निरनिराळ्या देशांची माणसं बसली होती. कोणी रुमालाने वारा घेत होतं, कोणी केळीचा घड प्रथमच झाडावर पाहत होतं. मागे सगळी कळसाडी दाटली होती. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, आधी इंग्रजीत, मग गावासाठी पुन्हा. काही लपवलं नाही. मेलेली राती, प्रकाशा गावची पोरकी कालवड, कातडी, मीठ, आणि स्वतःची न तपासण्याची चूक. शेवटी म्हणाले, "मलमपट्टीत कसलाही दोष नव्हता. प्रत्येकीचा स्वतःचा तुकडा आज जिवंत आहे, तो या माणसाच्या हातामुळे." आणि त्यांनी मेहबूबचं नाव घेतलं. पूर्ण नाव, दोनदा.

गावाकडून कुजबुज उठली. वेचणाऱ्या बायांतली एक दुसरीला म्हणाली, "माले तं कव्हयनं ठावं व्हतं."

"तुले काय ठावं व्हतं! सकायले तूच नाक मुरडी ऱ्हायनी व्हती."

डॉक्टर खाली मान घालून उभे होते. एवढ्या लांबून आणलेल्या लोकांना दाखवायला त्यांच्याकडे आता काहीच उरलं नव्हतं.

प्रा. ओल्सन उठले. काठी टेकत पुढे आले आणि दोन्ही वासरांसमोर उभे राहिले. ते बोलू लागले तसे डॉक्टर भानावर येऊन भाषांतर करू लागले.

"आम्ही प्रयोग करतो तेव्हा उत्तर आम्हाला आधी माहीत असतं. आम्हाला हवं ते दिसतं, अशी भीती असते. इथे करणाऱ्याला ठाऊक नव्हतं. पट्टी बांधणाऱ्याला ठाऊक नव्हतं. तपास करणाऱ्यालाही नव्हतं. गाय फसली, गाव फसलं, इंग्लंडात शिकलेला भाऊ फसला. एक रुपयाएवढी कातडी तेवढी फसली नाही." ते थांबले. "मी या विषयात म्हातारा झालो. इतकी स्वच्छ साक्ष मी कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिली नाही."

मग त्यांनी दगूबाईंकडे वळून विचारलं, "पण त्या गायीचं काय? तिने परक्या वासराला पत्करलं. ते मला पाहता येईल का?"

गाय आणली. रातीचा कासरा कुणी धरायचा, यावर क्षणभर सगळे थबकले. लोटनने पुढे होऊन तो खुंट्यावरून सोडला आणि मेहबूबच्या हातात दिला.

"धर," तो म्हणाला. "नि मन्हा बैलना दुसरा खूर बी चिरना शे. उद्या ये. बिब्बा संगे आन."

"पेटीमाथून तुम्हीच काढेल शेत, लोटनभाऊ. तुम्हीच आना," मेहबूब म्हणाला. गाव हसलं आणि लोटनला हसावंच लागलं.

मेहबूबने कालवड गायीपुढे नेली. दगूबाईंचा हात सवयीने कनवटीला गेला आणि रिकामाच बाहेर आला. घाईत मीठ गोठ्यातच राहिलं होतं आणि मघाशी चोळलेलं गायीने केव्हाच चाटून नेलं होतं. त्यांनी घाबरून जालमसिंगांकडे पाहिलं.

"बिनमिठानं कव्हय सोडी नही तिले," त्या कुजबुजल्या. "लाथ मारी, बापू. एवढा मानसंस्मा..."

"कधी सोडून पाहिलंत?"

"हिंमतच व्हयनी नही."

जालमसिंगांनी हात वर करून मेहबूबला थांबवायला हवं होतं. त्यांचा हात उठलाच नाही.

गायीने मान खाली केली. हुंगलं. राती थरथरत उभी होती. गाय तिच्या मानेपासून पाठीकडे हुंगत गेली, तीन गोलांपाशी आली. धवळीच्या मेलेल्या तुकड्यावर तिचं नाक टेकलं आणि तिथेच राहिलं. वारा घेणारे रुमालही थांबले.

मग तिने जीभ बाहेर काढली आणि त्या तुकड्याच्या कडेने रातीला चाटायला सुरुवात केली. सावकाश, पुन्हा पुन्हा, पाठीवरून मानेकडे, जसं ती धवळीला चाटायची.

ओल्सननी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. त्यांच्यामागे आणखी कोणी काढली. ते डॉक्टरांना काहीतरी म्हणाले. डॉक्टरांनी ते गावासाठी मराठीत सांगितलं नाही. जालमसिंगांनी विचारलं तेव्हा सांगितलं.

"ते म्हणाले, हिला हे कुणी शिकवलं ते कळलं, तर माझ्या मुलीला सांगेन."

राती आता दूध पीत होती. मेहबूबने कासरा सैल सोडला होता, पण हातातून टाकला नव्हता. दगूबाई खाली बसल्या आणि रिकामी मूठ उघडून बघत राहिल्या. जालमसिंगही आपल्या अंगठ्याकडे पाहू लागले. ऊस सोलतानाच्या जखमेवर पातळ, नवी कातडी धरली होती. कुणीही न सांगता ती आली होती आणि पुरेशी झाल्यावर थांबणार होती. त्यांनी अंगठा हलकेच मुठीत झाकून घेतला.